वाडीतल्या एकुलत्या एका नेपाळी घराचं त्या मेसेजला उत्तर

आंब्याला मोहोर फुटला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘कोकणी माणसा, जागा हो’ अशी त्याची सुरुवात असते. खाली बागांतल्या आणि बोटींवरच्या नेपाळ्यांबद्दल लिहिलेलं असतं: हे घुसखोर आहेत, यांच्याकडे कागद नाहीत, सगळे चिनी तोंडाचे, एकासारखा एक, बंद घरांतल्या चोऱ्या हेच करतात, आपल्या पोरांची कामं यांनी घेतली, कितीही वर्षं राहिले तरी हे आपले होत नाहीत. शेवटी सूचना असते की यांना जागा देऊ नका, दिलीत तर पोलिसांत नोंद करा. यंदा हा मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवर आला. त्या ग्रुपवर नेपाळी घर एकच आहे, आमचं.

बाबा नेपाळमधल्या सल्यान जिल्ह्यातले. रत्नागिरीजवळच्या एका कलमांच्या बागेत राखणीला आले, आई मागून आली, आणि आम्ही दोघं भावंडं इथेच जन्मलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, आता एका कॅनिंगच्या कारखान्यात हिशेब बघते. मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर देता येतं, म्हणून देते.

कागदांचा प्रश्न सगळ्यात सोपा. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि फिरण्याची मुभा आहे. सीमा ओलांडायला व्हिसा लागत नाही. रत्नागिरीचा माणूस काठमांडूत जाऊन राहू शकतो तो याच कराराच्या आधारावर. त्यामुळे बाबा घुसखोर नाहीत, कधीच नव्हते. उलट अडचण माझी आहे. १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी कोणीच भारतीय नसेल, तर इथल्या जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. माझी शाळा इथली, भाषा इथली, पण कायद्याने मी नेपाळचीच. मेसेज लिहिणाऱ्याला कायद्याची एवढी काळजी असेल तर कायदा काय सांगतो तेही त्याने वाचावं.

‘सगळे एकासारखे एक’ हे वाक्य फक्त न बघणाऱ्याला लिहिता येतं. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत १४२ जाती-जमाती आणि १२४ मातृभाषा नोंदल्या आहेत. आम्ही मगर जमातीचे, आमचे डोळे बारीक आणि नाक बसकं. खालच्या बागेत पश्चिम नेपाळातल्या अछामचे छेत्री राहतात, ते उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या माणसासारखे दिसतात, त्यांना कोणी चिनी म्हणत नाही. पलीकडच्या बागेतले थारू तराईतल्या सपाट मुलखातले. बाबा आणि ते आपापल्या घरची भाषा बोलायला लागले तर एकमेकांना कळत नाही, म्हणून नेपाळी बोलतात. ती नेपाळी देवनागरीतच लिहिली जाते आणि १९९२ पासून भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, कारण दार्जिलिंग आणि सिक्कीममधले लाखो भारतीय नागरिक ती बोलतात. चेहरा बघून परका ठरवणारा माणूस त्या भारतीयांनाही परकं ठरवतो. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत नीडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला केसांवरून आणि दिसण्यावरून टोमणे मारले गेले, मग मारहाण झाली, आणि तो मेला. त्यानंतर सरकारने ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला बेझबरुआ समिती नेमली. तो तर भारतीय होता, त्याच्याकडे सगळे कागद होते. २०२० मध्ये करोना आला तेव्हा माझ्या भावाला बाजारात त्या रोगाच्या नावानेच हाक मारली गेली. तो तेव्हा शाळेत जायचा आणि चीन त्याने फक्त नकाशात पाहिला होता.

आता चोरीबद्दल. मेसेजमधला हाच भाग सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून इथे थोडं थांबते.

मेसेजमध्ये एकाही गावाचं, पोलीस ठाण्याचं, गुन्ह्याच्या क्रमांकाचं नाव नाही. नुसतं ‘चोऱ्या हेच करतात’. नेपाळी माणूस कधी चोरीत सापडलाच नाही असं मी म्हणणार नाही, सापडले आहेत. पण चोर पकडला गेला आणि तो नेपाळी असला तर बातमीच्या मथळ्यात ‘नेपाळी’ येतं. तो शेजारच्या तालुक्यातला असला तर मथळ्यात तालुका येत नाही. वर्षभर असे मथळे वाचले की डोक्यात हिशेब आपोआप तयार होतो, आणि तो आकड्यांचा नसून मथळ्यांचा असतो.

दुसरी गोष्ट आपल्या गावांच्या रचनेतच आहे. वाडीतली निम्मी घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. घरमालक मुंबईहून येतो, कुलूप तुटलेलं दिसतं, तांब्याची भांडी गेलेली असतात. कधी गेली? जूनमध्ये की नोव्हेंबरमध्ये? कोणालाच माहीत नसतं. तेव्हा संशय वर्षभर जो डोळ्यांसमोर असतो त्याच्यावर जातो. पावसातही बागेत राहणारं कुटुंब एकच, त्यामुळे दर वेळी उत्तर तयार असतं.

आमच्या लहानपणी वाडीतल्या एका बंद घरात अशी चोरी झाली. बाबांना चौकशीला नेलं आणि रात्रभर बसवून ठेवलं. आमची लोखंडी ट्रंक अंगणात उघडून एकेक कपडा बाहेर काढला. काही निघालं नाही. चोर पुढेही सापडला नाही. त्याच घराच्या मालकाने पुढच्या पावसाळ्याआधी घराची किल्ली बाबांच्या हातात दिली, कारण कौलं गळली तर बघायला वाडीत दुसरं कोणी नव्हतं. बाबांनी ती घेतली आणि अजूनही सांभाळतात. त्या रात्रीबद्दल मात्र त्यांना कोणी एक शब्द बोललेलं नाही.

आंबा चोरीचंही तसंच. रात्रीतून बाग उतरवायची तर गाडी लागते, पेट्या लागतात, माल घेणारा दलाल लागतो. राखणदाराकडे यातलं काय असतं? आणि बाबांचा हिशेब हंगाम संपल्यावर होतो, तोवर उचल मिळते घरखर्चापुरती. म्हणजे मोहोरापासून जूनपर्यंतची त्यांची कमाई मालकाकडेच असते. बागेचं नुकसान झालं तर पहिली कात्री त्यांच्याच पैशाला लागते.

या मेसेजला ग्रुपवर काहींनी आमच्या बाजूने उत्तरं दिली. ‘नेपाळी इमानदार असतात, शूर असतात, उगाच नाही गुरख्यांची पलटण.’ त्यांचा हेतू चांगला होता, मला त्यांचे आभारच मानायचे आहेत, तरी हेही मला नको आहे. १८१४ ते १८१६ च्या युद्धात इंग्रज नेपाळशी लढले, तेव्हापासून त्यांनी गुरख्यांची भरती सुरू केली आणि पुढे अमुक जमाती लढाऊ, तमुक भेकड अशी वर्गवारीच लावून टाकली. इमानदारीची ही कीर्ती त्याच वर्गवारीतून आली आहे. तिचा भार असा की एका माणसाने कुठे बेईमानी केली तर ती सगळ्यांची होते. दिल्लीत कोणा नेपाळी नोकराने काही केलं की त्या आठवड्यात दुकानदार आईशी कमी बोलतो. चाळीस घरांच्या वाडीत एक कोकणी माणूस दारू पिऊन भांडला तर तो एक माणूस भांडला. माझा भाऊ भांडला तर नेपाळी भांडले. वाडीत एकच घर असलं की त्या घरातल्या कोणालाही नुसता माणूस म्हणून चुकता येत नाही. भावाला आईने लहानपणापासून शिकवलंय की दुसऱ्याच्या बागेतला खाली पडलेला आंबासुद्धा उचलायचा नाही. वाडीतली इतर पोरं उचलायची, त्यांना कोणी काही म्हणत नसे.

कामं घेतल्याच्या आरोपाला जनगणनाच उत्तर देते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. बाप्ये कुठे गेले हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत गेले, गोदीत गेले, जहाजांवर गेले, कुवेत-दुबईला गेले. नेपाळी माणूस बागेत येण्याच्या कितीतरी आधीपासून मनीऑर्डर गावात येत होती.

आणि हे काम काय आहे तेही सांगते. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या, फळ धरलं की दिवसभर माकडं हाकायची, रात्री डुकरं आणि माणसं. बाग सोडून जायचं नाही, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटातच राहायचं. मग झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन झाडावर चढायचं, आंबा देठासकट उतरवायचा, निवडायचा, पेटी भरायची. स्थानिक गडी दिवसाच्या मजुरीवर येतो आणि संध्याकाळी घरी जातो, ते बरोबरच आहे, त्याला घर आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरही तेच. खलाशी दहा-दहा दिवस समुद्रात असतो, १ जूनला मासेमारी बंद झाली की गावी जातो आणि बंदी उठली की परत येतो. हे काम करायला कोकणी पोरांना कोणी अडवलेलं नाही.

तरी या मुद्द्यात खरं दुखणं एक आहे. चोवीस तास हाताशी असणारा, घरापासून दूर असल्यामुळे घासाघीस करू न शकणारा मजूर मिळाला की मजुरी खाली राहते, आणि त्याचा त्रास स्थानिक गड्यालाही होतो. हे मला मान्य आहे. पण मजुरी ठरवतो कोण? ज्या काकांनी तो मेसेज पाठवला त्यांच्या स्वतःच्या बागेत दोन नेपाळी कुटुंबं आहेत. दर ते ठरवतात, आमची माणसं तो स्वीकारतात कारण गावी त्याहून कमी मिळतं. दर वाढवायचा असेल तर दोघांचा मिळून वाढवता येईल.

‘हे आपले होत नाहीत’ असं म्हणणाऱ्याने निदान आपल्या किनाऱ्याचा इतिहास तरी बघावा. अलिबागकडच्या गावांत बेने इस्रायली ज्यूंची थोडी-थोडी घरं पिढ्यान्‌पिढ्या होती. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. आडनावं किहीमकर, पेणकर, नवगावकर. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आले आणि त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. रत्नागिरीत तर ब्रह्मदेशाचा राजाच येऊन राहिला. इंग्रजांनी थिबा राजाला १८८५ मध्ये गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी इथे आणलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची नात टूटू रत्नागिरीतच वाढली, मराठीच बोलली, तिचं लग्न इथे झालं, संसार इथे झाला. थिबा पॅलेस बघायला आलेल्या पाहुण्यांना आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो. राजाची नात आपली होते, राखणदाराची मुलगी का होत नाही?

शिमग्याला पालखी आमच्या मांगरापुढे थांबते, आई ओटी भरते. दसऱ्याला आमचा दशैंचा टिका असतो, तो लावून घ्यायला शेजारची म्हातारी आजी येते. हे मी पुरावा म्हणून मांडत नाही. पालखी थांबली नसती, मला मराठी धड आली नसती, तरी बाबा चोर ठरत नव्हते. बोटीवरच्या ज्या खलाशाला चार शब्दांपलीकडे मराठी येत नाही, त्यालाही मेसेजमधला एकही आरोप लागू होत नाही. म्हणूनच काकांनी नंतर फोन करून ‘तू मनाला लावून घेऊ नको गो, तू आपली आहेस’ म्हटलं, तेव्हा मला ते घेता आलं नाही. ज्यांना ते ओळखतात ते चांगले, ज्यांना ओळखत नाहीत ते सगळे वाईट, असा त्याचा अर्थ होतो. ओळख माझी एकटीची आहे आणि मेसेज सगळ्यांबद्दल आहे.

राहता राहिली पोलिसांतली नोंद. तिला माझा विरोध नाही. बाबा दर हंगामाला ओळखपत्राची प्रत आणि फोटो देतात. मग पुण्याहून येऊन होमस्टे चालवणाऱ्याची, घाटावरून आलेल्या ड्रायव्हरची, बोटीवरच्या प्रत्येक खलाशाचीही तशीच नोंद व्हावी. आणि नोंदीच्या त्याच कागदावर आणखी काही ओळी लिहाव्यात: मजुरी किती ठरली, उचल किती दिली, हिशेब कोणत्या तारखेला होणार, फवारणीला मास्क आणि हातमोजे कोण देणार, झाडावरून पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. बाबांकडे असा कागद आजवर एकाही मालकाचा नाही.