खोललंच आहे तर…

जुनी जिप्सी विकणारा माणूस कधी खोटे बोलत नाही आणि घेणारा त्याला कधी खरा प्रश्न विचारत नाही, त्यामुळे हा व्यवहार अत्यंत सभ्यपणे पार पडतो. महाबळेश्वरच्या ज्या गृहस्थांनी मला १९९८ सालची ‘जिप्सी किंग’ दिली, त्यांनी ‘इंजिन चालू आहे’ एवढेच सांगितले होते आणि ते खरोखरच चालू होते. गाडीच्या उरलेल्या भागांबद्दल त्यांनी मौन पाळले. ते मौन किती अर्थपूर्ण होते, हे पुढे उस्तादांनी मला एकेक नट सोडवत समजावून सांगितले.

मारुतीची जिप्सी आली १९८५ च्या डिसेंबरात, ९७० सीसीचे इंजिन आणि चार गिअर घेऊन. १९९६ मध्ये तिची ‘किंग’ झाली, म्हणजे इंजिन १२९८ सीसीचे, ताकद ६० अश्वशक्ती आणि एक गिअर जास्त. लष्कराने, पोलिसांनी आणि वनखात्याने ती वर्षानुवर्षे वापरली. खाली शिडीसारखी भक्कम चेसिस, चारही चाकांना स्प्रिंगचे पाटे, पुढची चाके जोडायला एक दांडा, आणि इलेक्ट्रॉनिक्स म्हणाल तर हॉर्न. एवढ्या साध्या गाडीत बिघडण्यासारखे असणार तरी काय, हा विचार ती पाहताक्षणी मनात येतो, आणि माझ्या माहितीतल्या सर्व जिप्सीवाल्यांच्या आर्थिक परिस्थितीचे मूळ त्या विचारात आहे.

उस्ताद हे आमचे मेकॅनिक. गाडी पाहिल्यावर त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर हलकेच टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ‘‘साहेब, मॅट काढू नका,’’ ते म्हणाले. मी मॅट काढले. खाली गॅरेजची फरशी स्वच्छ दिसत होती आणि तिच्यावर उस्ताद सकाळपासून शोधत असलेला दहाचा पाना पडला होता. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि कापडी हुडाच्या शिवणीतून आत आलेले त्यातले थोडे पाणी रबरी मॅटखाली मुक्कामाला राहते. वरून हे पाणी आणि खालून चाकांनी उडवलेला चिखल, अशा दुहेरी आक्रमणात पत्रा सडतो आणि शेवटी गंजच गाडीला धरून ठेवतो. वेल्डिंगवाल्याने तो गंज खरवडून काढला तेव्हा गाडीचे वजन लक्षणीयरीत्या कमी झाले.

आणि मग उस्तादांनी ते वाक्य प्रथम उच्चारले: ‘‘साहेब, खोललंच आहे तर ब्रेकचे पाइप बदलून घेऊ.’’

या वाक्याला उत्तर नाही. पत्रा काढला आहे, पाइप समोर दिसत आहेत, मजुरी वेगळी पडणार नाही आणि पाइप महागही नाहीत. पाइप काढले म्हणून गिअरबॉक्स दिसला, गिअरबॉक्स उतरवला म्हणून क्लचप्लेट, क्लचप्लेट काढली म्हणून क्रँकचे मागचे ऑइल सील आणि सील बदलायचे तर इंजिन थोडे उचलावे लागते म्हणून इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ते ज्यावर टेकते ती रबरे. यातली कोणतीही एक पायरी तर्काच्या कसोटीला कमी पडत नाही. प्रत्येक पायरीला मी मान डोलावली आणि प्रत्येक वेळी पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तेथे काउंटरवरचा मुलगा वर न बघता विचारतो, ‘‘फोर-टेन की किंग?’’ फोर-टेन म्हणजे जुनी, ९७० सीसीची जिप्सी. ‘किंग’ म्हटले की दुसरा प्रश्न येतो, ‘‘ओरिजिनल की लोकल?’’ ‘ओरिजिनल’ म्हटले की तो आत जातो, बराच वेळ आतच राहतो, आणि बाहेर येऊन सांगतो, ‘‘लोकल आहे, पण ओरिजिनलसारखंच आहे.’’ आमच्या घरी या खर्चाची नोंद होऊ लागली. सौभाग्यवती जमाखर्च चोख ठेवतात. पहिल्या महिन्यात त्यांनी हा खर्च ‘वाहन’ या सदरात लिहिला, नंतर विचारपूर्वक ‘आजारपण’ या सदरात हलवला.

एवढ्यावर गाडी दुरुस्त झाली असती आणि मी ती घेऊन ताम्हिणीला भजी खायला गेलो असतो. परंतु मला एक भाचा आहे. २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाची स्पर्धा सुरू झाली, तिची चित्रे त्याच्या फोनमध्ये होती, आणि त्यांतल्या गाड्या बोनेटपर्यंत लाल चिखलात बुडून आनंदी दिसत होत्या. ‘‘मामा, ट्रेलवर जायचं तर हे टायर नाही चालणार,’’ तो म्हणाला. मूळचे टायर साधारण साडेसव्वीस इंच उंचीचे होते. त्याने एकतीस इंची मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर सुचवले. ते आले, बसवले, आणि गाडी अशी काही रुबाबदार दिसू लागली की सोसायटीच्या अध्यक्षांनी पार्किंगविषयीचे पत्र द्यायला आणले होते ते तसेच परत नेले. फक्त स्टिअरिंग वळवले की टायर पुढच्या फेंडरला घासत होते. म्हणजे गाडी सरळ जायला पूर्णपणे तयार होती.

वळण्यासाठी ती उचलणे भाग होते. जिप्सीचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते काढून अ‍ॅक्सलच्या वर बसवले की एका फटक्यात सुमारे पाच इंच उंची मिळते. कल्पना इतकी सोपी आहे की कागदावर काढून दाखवता येते, आणि भाच्याने ती खरोखरच वीजबिलाच्या मागे काढून दाखवली. त्या चित्रात काही गोष्टी नव्हत्या. गाडी वर गेली की चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट तिरपा होतो आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस थरथरू लागतात. स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो, त्यामुळे खड्ड्यात चाक खाली गेले की स्टिअरिंग आपले आपण वळते. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. आणि आमच्या सासूबाई, ज्या आजवर या गाडीत बसायला एका पायावर तयार असत, त्यांना आता दोन्ही पाय पुरत नाहीत. शाफ्टला पाचरी आल्या, स्टिअरिंगला नवा आर्म आला, नळ्या लांब आल्या, सासूबाईंसाठी प्लास्टिकचे स्टूल आले. गाडीतली कमजोरी कधी जात नाही, ती फक्त पत्ता बदलते, आणि नव्या पत्त्यावर तिला गाठायला आपल्याला पुन्हा नाना पेठेतूनच जावे लागते.

टायर मोठे झाले की सगळे गिअर लांब पडतात, हेही त्या वीजबिलामागे लिहिलेले नव्हते. स्पीडोमीटरचा काटा ५० वर असतो तेव्हा गाडी अठ्ठावन्नाच्या आसपास धावत असते. ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण कात्रजच्या घाटात साठ घोड्यांपैकी बरेचसे वाटेतच बसतात. यावर उपाय ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या डब्यात आहे. जिप्सीचा हा डबा गिअरबॉक्सपासून वेगळा, एका आखूड शाफ्टने जोडलेला असतो, आणि त्यातला ‘लो’ वेगाला २.२६८ पट खाली आणतो. त्याहून खाली आणणारे दात्यांचे संच ऑस्ट्रेलियात मिळतात, कारण याच कुळातल्या सुझुकीच्या गाड्या तिकडची माणसेही अशाच निष्ठेने उसवत असतात. किंमत, वाहतूक आणि कस्टमची ड्युटी यांची बेरीज ऐकल्यावर सौभाग्यवतींनी ‘आजारपण’ हे सदर बंद करून ‘शिक्षण’ हे सदर उघडले. त्याच सुमारास साठच्या वेगाला स्टिअरिंग थडथड उडू लागले. पुढचे चाक ज्यावर वळते त्या किंगपिनची बेअरिंगे, उस्ताद म्हणाले. खोललंच आहे तर दोन्ही बाजूंची.

स्नॉर्केलविषयी माझे मत थोडे कडवट आहे, तेही सांगून टाकतो. बोनेटच्या बाजूने छतापर्यंत जाणारी ती काळी नळी बसवली की आपण पाणबुडीत बसल्यासारखे वाटते. पण पेट्रोलच्या या जुन्या इंजिनात पाणी हवेच्या वाटेने शिरायच्या कितीतरी आधी प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर भिजतो आणि गाडी ओढ्याच्या मधोमध शांत होते. हवा छतावरून येत राहते, ती घ्यायला कोणी नसते. तेव्हा आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लगच्या वायरी पाण्यापासून जपाव्यात, डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्याच्या, ब्रीदरला (हवेच्या छिद्राला) नळी लावून ती वर न्यावी, नाहीतर आतले ऑइल दुधाळ होऊन बाहेर येते, आणि एवढे करूनही पैसे उरले तरच ती नळी घ्यावी. पैसे उरत नाहीत.

शेवटी ट्रेलचा दिवस उजाडला. मुळशी तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतमालकाच्या डोंगरउतारावर, त्यांच्या रीतसर परवानगीने, आम्ही गेलो. पुढची चाकेही ओढू लागावीत म्हणून त्यांच्यावरची हबे हाताने ‘लॉक’वर फिरवली. भाच्याने चारही टायरांतली हवा २८ वरून १५ पौंडांवर आणली. टायरची बाजू किंचित फुगली, तळ रुंद झाला आणि एरवी जेथे चाके नुसती फिरली असती त्या ओल्या, सैल दगडांवर गाडी अत्यंत समजूतदारपणे चढत गेली. एवढ्या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला असेल, तर हवा सोडण्याचा. त्याला खर्च शून्य येतो. हे मी घरी कोणालाही सांगितलेले नाही.

वरच्या टप्प्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळलेले, पुढचे चाक दगडाच्या खाचेत आणि भाच्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, अशा अवस्थेत समोरून ‘कट्ट’ असा कोरडा, नेमका आवाज आला. उस्तादांनी गॅरेजमध्ये हब उघडून ग्रीसमधून एकेक वस्तू काढत वर्तमानपत्रावर मांडली: सहा पोलादी गोळ्या, दुभंगलेला पिंजरा, आणि एक तुकडा जो कशाचा आहे हे ठरवायला त्यांना चष्मा लावावा लागला. चाकाला वळलेल्या स्थितीतही ताकद पोहोचवणारा तो जॉइंट मूळच्या लहान टायरांच्या हिशेबाने घडवलेला असतो. एकतीस इंची टायर खाचेत अडकला, नव्या दात्यांनी त्याच्यावर ताकद लावली आणि मधल्या गरिबाने प्राण सोडला. ‘‘मजबूत वाला मिळतो साहेब,’’ उस्ताद म्हणाले, ‘‘पण मग पुढचा डिफ बघावा लागेल.’’

डिफ बघण्याआधीच पासिंगची तारीख आली. १९९८ ची गाडी, म्हणजे २०१३, २०१८ आणि मग २०२३. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालेले, शिवाय पर्यावरण कर. पैशांचे मला आता काही वाटत नव्हते. प्रश्न मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा पाटे पुन्हा अ‍ॅक्सलच्या खाली गेले, जुने टायर परत आले, आर्म, पाचरी, नळ्या सगळे उतरले, आणि त्या उतरवण्याची मजुरी चढवण्याइतकीच पडली.

आरटीओत चेसिस नंबरची पेन्सिलीने काढलेली छाप मागितली. तो नंबर पुढच्या चाकामागे चेसिसवर कोरलेला असतो, आणि गंज पुन्हा लागू नये म्हणून मी त्या चेसिसला जगातला सर्वांत चिवट रंग लावून घेतला होता. मी इस्त्रीच्या शर्टात गाडीखाली आडवा होऊन पॉलिश-पेपरने रंग खरवडत राहिलो. एकेक आकडा वर येत गेला, छाप निघाली, गाडी पाच वर्षांसाठी पास झाली.

शेजारच्या रांगेतला एक रिक्षावाला इतका वेळ गाडीभोवती हिंडत होता. ‘‘किंग आहे ना?’’ तो म्हणाला. ‘‘एवढी भारी गाडी, आणि हे असले बारके टायर काय टाकलेत साहेब?’’

मी काही बोलायच्या आत उस्ताद म्हणाले, ‘‘मोठे आहेत ना, यांच्या गच्चीवर पडलेत.’’