‘दोन दिवस कागदावरच गेले’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. सॉलिडवर्क्स पीडीएम, म्हणजे कंपनीची ड्रॉइंग आणि त्यांच्या रिव्हिजन सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याच्या आमच्या अ‍ॅडमिन कोर्सला तुम्ही दोन स्टार दिलेत. इन्स्टॉलेशन अर्ध्या दिवसात उरकलं, वर्कफ्लो (फाइल मंजुरीपर्यंत कुठल्या टप्प्यांतून जाते तो क्रम) आणि परमिशन कागदावर मांडण्यात दोन दिवस गेले आणि मागूनही तयार वर्कफ्लो मिळाला नाही, ही तुमची तक्रार. क्रम असा का, ते सांगतो.

एस्क्यूएल सर्व्हर (यात डेटाबेस असतो), आर्काइव्ह सर्व्हर (हा खऱ्या फाइली सांभाळतो), डेटाबेस सर्व्हर, मग क्लायंट. या पायऱ्या ठरलेल्या आहेत, गाइड समोर ठेवून कुणीही करू शकतो. कंपनी अडते ती नंतर. ड्रॉइंग मंजूर झाल्यावरही कुणीतरी ते चेकआउट करतं, म्हणजे बदलायला आपल्याकडे घेतं, शॉपफ्लोअरवर जुन्याच रिव्हिजनवर जॉब लागतो आणि माल स्क्रॅपमध्ये जातो. पीडीएममध्ये फोल्डरचा हक्क आणि फाइल ज्या स्टेटमध्ये (वर्कफ्लोच्या टप्प्यात) आहे तिथला हक्क, दोन्ही असतील तरच चेकआउट होतं. हे आधी मांडलेलं नसलं की पहिल्याच आठवड्यात फोन सुरू होतात आणि वैतागून अ‍ॅडमिन सगळ्यांना सगळे हक्क देऊन मोकळा होतो. मग एवढं सॉफ्टवेअर घेतलं कशाला?

तयार वर्कफ्लो आम्ही कुणालाच देत नाही, पुढेही देणार नाही. इथे वडोदऱ्यात, मकरपुऱ्यात कॅटलॉगप्रमाणे व्हॉल्व्ह बनवणाऱ्याची मंजुरी घरातच होते. ट्रान्सफॉर्मरची टाकी ऑर्डरप्रमाणे बनवणाऱ्याचं ड्रॉइंग आधी ग्राहकाकडे जाऊन येतं. त्यातून तुमच्याकडे, तुम्हीच लिहिलंय, पीडीएम स्टँडर्ड, म्हणजे पीडीएमची छोटी आवृत्ती, आहे. त्यात वर्कफ्लो एकच आणि स्टेट जास्तीत जास्त १०. दुसऱ्याचा साचा आणून बसवलात तर निम्म्या स्टेट तुमच्या उपयोगाच्या नसतील.

शेवटच्या दिवशीचा बॅकअपचा सराव तुम्हाला ‘वेळकाढूपणा’ वाटला, याचं मात्र खरंच वाईट वाटलं. तेव्हा मुद्दाम फक्त एस्क्यूएलचा बॅकअप रिस्टोअर करायला लावला होता. फाइलींची यादी आली, डेटा कार्ड (फाइलीच्या माहितीचा फॉर्म) भरलेलं दिसलं, हिस्टरीही आली. फाइल मात्र एकही उघडेना. कारण खऱ्या फाइली आर्काइव्ह फोल्डरमध्ये, शून्य ते एफ अशा सोळा फोल्डरांत, आकड्यांच्या नावांनी पडलेल्या असतात. डेटाबेस आणि आर्काइव्ह, दोन्हींचा बॅकअप एकाच वेळचा हवा. सर्व्हर बंद पडल्यावर हे कळून उपयोग नाही, म्हणून वर्गातच दाखवतो.

तुमचा व्हॉल्ट (पीडीएममधला फाइलींचा साठा) अजून चालू व्हायचाय ना? मग कुठल्याही शनिवारी दुपारी दांडिया बाजारातल्या आमच्या लॅबमध्ये या, फी नाही. तुमच्याच थोड्या फाइलींची कॉपी आणा, वर्कफ्लो त्यांच्यावर चालवून बघू. आणि तुमच्याकडे ड्रॉइंगवर शेवटची सही करणाऱ्या साहेबांनाही बरोबर आणा, निम्मे प्रश्न त्यांनाच विचारावे लागतील.