सेक्रेटरी समुद्रावर

गेली अकरा वर्षं मी मुलुंडमधल्या एका हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्या सभेला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो, एवढाच माझा गुन्हा. दारात चपला काढतोय तोवर आत टाळ्या वाजल्या. तेव्हापासून माझ्या लेखी माणसांना नावं उरली नाहीत, नंबर उरले. तीनशे दोनचं बाथरूम दोनशे दोनच्या देवघरात गळतं. एकशे चारला लिफ्टमध्ये कुत्रा चालत नाही आणि चारशे तीनचा कुत्रा जिन्यानं चालत नाही. पाचशे एकला पाणी येत नाही, हे मला रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कळतं. पाणी येतं तेव्हा मात्र कुणी कळवत नाही.

म्हणून आमच्या हिनं क्रूझचा घाट घातला. मुंबईहून निघायचं, गोव्याला टेकायचं, परत यायचं. “भर समुद्रात फोनला रेंज नसते म्हणे,” असं ती म्हणाली आणि त्यापुढचं मी काही ऐकलंच नाही.

आमच्या घराण्यात जलप्रवास नवा नाही. माझी आजी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं विजयदुर्गला जायची. बोट बंदराबाहेर उभी राहायची, मग गाठोडी, पोरं आणि कोंबड्या एकाच पडावात उतरवायच्या. बोट लागू नये म्हणून आजी तोंडात आवळकाठी धरायची आणि तरी तिला ती हटकून लागायची. वंशपरंपरेनं मलाही लागणार, ह्या हिशेबानं हिनं पाव किलो आवळकाठी घेतली होती. ती आम्ही बॅलार्ड पियरच्या रांगेतच संपवली.

त्या रांगेत मी हिला माहिती दिली की शेजारची अख्खी बॅलार्ड इस्टेट भरावावर उभी आहे आणि तो भराव म्हणजे अलेक्झांड्रा डॉक, आताचा इंदिरा डॉक, खोदताना निघालेली माती आणि दगड. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी डेब्रिजमधून एवढी देखणी वस्ती काढली. आमच्या तीनशे दोननं स्वयंपाकघर फोडल्याला आठ महिने झाले, सहा गोणी अजून जिन्यात आहेत.

“सुरू झालं तुमचं?” ही म्हणाली. तिथून मी गप्प.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दाराखालून एक पत्रक आत सरकलं. जहाजाची पडद्यामागची सफर : भटारखाना, लॉन्ड्री, कचरा विभाग, इंजिन कंट्रोल रूम आणि ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती खोली. तीन तास. पैसे वेगळे. किती, ते लिहीत नाही. तेवढ्यात आमच्या सोसायटीच्या दोन्ही टाक्या साफ करून झाल्या असत्या. माणूस घरातली भांडी, धुणं आणि कचरा विसरायला जहाजावर येतो आणि मग दुसऱ्याची भांडी, धुणं आणि कचरा बघायला पैसे मोजतो, हे मी हिला समजावून सांगितलं. तोवर तिनं नावं नोंदवली होती.

सफरीला बंद बूट सक्तीचे होते. माझ्याकडे सँडल होत्या आणि रात्रीच्या जेवणाला म्हणून हिनं कोंबलेले काळे पॉलिशचे बूट. त्यामुळे खाली काळे बूट, काळे मोजे आणि वर नारळाची झाडं छापलेली अर्धी चड्डी अशा वेशात मी सकाळी दहा वाजता हजर झालो. मग फोन काढून घेतले आणि एक फॉर्म पुढे केला. घसरलो, भाजलो, दारात बोटं चेमटली तर माझं मी बघेन, अशा अर्थाचा. असले फॉर्म मी ग्रिल बसवणाऱ्या सभासदांकडून कितीदा सही करून घेतलेत. मी न वाचता सही केली. तेही न वाचताच करतात.

आम्ही चौदा जण होतो. पुढे सफर दाखवणारी मुलगी, मागे एक सिक्युरिटीवाला. ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं दार तिनं ढकललं आणि गालिचा संपला. अगदी सुरीनं कापल्यासारखा. अलीकडे झुंबरं आणि पियानो, पलीकडे रंगवलेलं लोखंड, डोक्यावर पाइपांचे जुडगे आणि जहाजाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एक रुंद बोळ. ट्रॉल्या, बादल्या, कांद्याची पोती आणि घाईतली माणसं त्यातून धावत होती. मला सीएसएमटीचा सबवे आठवला आणि कित्येक तासांनी जरा घरच्यासारखं वाटलं.

भटारखान्यात स्टीलशिवाय काही दिसत नव्हतं. शेगड्यांना कडेनं कठडे होते, दर्या खवळला तर पातेली घसरू नयेत म्हणून. आगीच्या भीतीनं ज्योत कुठेच नाही, सगळं विजेवर. ते ऐकून ही थांबली.

“ज्योत नाही? मग फुलका कसा फुगवता?”

शेफनं तव्यावर कापडानं दाबून दाखवला. फुगला. हिनं तो उलटा करून पाहिला, बोटानं टोचला, कड चाचपली आणि म्हणाली, “मधे फुगलाय, पण कड कच्ची आहे.” हजारो माणसांना रोज तीन वेळा जेवू घालणारा तो धिप्पाड माणूस कान पकडायच्या बेतात आला. पुढची पाच मिनिटं फुलक्यातच गेली. सिक्युरिटीवाल्यानं घड्याळ बघितलं.

लॉन्ड्रीबद्दल एवढंच की तिथं उकडत होतं. एका यंत्रात ओली चादर घातली की दुसऱ्या बाजूनं इस्त्री होऊन, घडी पडून बाहेर येत होती. ही तिच्याकडे ज्या नजरेनं पाहत होती त्या नजरेनं तिनं माझ्याकडे लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही.

मग कचरा विभाग आला. मुलुंडकर माणूस कचऱ्याच्या बाबतीत हळवा असतो. २०१८ साली डम्पिंग ग्राउंड बंद होईपर्यंत वारा कुठून वाहतोय हे आम्हांला हवामान खात्यानं सांगावं लागत नसे. त्यामुळे बाकीचे नाकाला रुमाल लावून दारात घुटमळत होते तेव्हा मी सगळ्यात पुढे होतो. आत एका लांब टेबलावर चार माणसं हातमोजे घालून कचरा निवडत होती. काच इकडे, डबे तिकडे, प्लॅस्टिक वेगळं, खरकटं वेगळं. एवढ्यात त्यांच्यातला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, “ह्यो बघ, परत चमचो!”

अरबी समुद्रात, लोखंडी पोटात, पाण्याच्या पातळीखाली मालवणी! मी विचारलं, “गाव खंयचा?”

“देवगड.”

आजीचं विजयदुर्ग देवगड तालुक्यातच. आम्ही दोघेही उगाचच हसलो. मग त्यानं शेजारची बादली दाखवली. तळाशी पंधरा-वीस चमचे होते, दोन सुऱ्या आणि एक अख्खी बशी. “जेवाण टाकतत, त्येच्याबरोबर चमचो जाता,” तो म्हणाला. “दिसाक बादली भरता.”

मागून ही पुढे आली. आमच्या घरी डझनभर चमचे होते, त्यांचे सात झालेत. ह्या प्रकरणात दोन कामवाल्या बायकांवर संशय घेऊन झालाय. तिनं बादलीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. घरी ताटातलं खरकटं मी काढतो.

“अहो,” एवढंच ती म्हणाली. पुढचं मुलुंडला पोचल्यावर म्हणाली.

ओल्या कचऱ्याचं पुढे काय होतं, ते मी खोदून खोदून विचारलं. तो आधी दळतात. पंचवीस मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतका बारीक झाला, तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पलीकडे समुद्रात सोडता येतो. न दळलेला असेल तर बारा मैलांच्या पलीकडे. काही भागांत तर नियम ह्याहून कडक. आणि प्लॅस्टिक कुठेही नाही, कधीच नाही. ते जपून ठेवायचं आणि बंदरावर द्यायचं. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आणि हे सगळं लिहायला एक नोंदवही असते. कधी, कुठे, काय, किती टाकलं. प्रत्येक नोंदीखाली अधिकाऱ्याची सही आणि पान भरलं की त्यावर खुद्द कॅप्टनची सही. वही भरल्यावरही दोन वर्षं सांभाळायची.

मी ती वही बघायला मागितली. मिळाली नाही, पण लांबून दाखवली. माझा गळा दाटून आला. महापालिकेनं २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलंय. आमची सोसायटी ‘मोठी’ ह्या व्याख्येत बसते की नाही, ह्यावर आमच्या सभा अजून चालू आहेत.

पाण्याचा प्रकार तर मला तिथंच बसून लिहून घ्यावासा वाटला. जहाज पाणी भरून घेतं ते थोडं, बाकीचं समुद्राचंच गोड करतं. एक रीत म्हणजे आपल्या घरच्या फिल्टरसारखी, खारं पाणी प्रचंड दाबानं पडद्यातून ढकलायचं. दुसरी जास्त खुबीची. प्रेशर कुकरच्या बरोब्बर उलट. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी उशिरा उकळतं. इथं हवा खेचून दाब कमी करतात, म्हणजे पाणी कमी उष्णतेवरच उकळतं. ती उष्णतासुद्धा इंजिनाची, एरवी वाया जाणारी. वाफ थंड केली की गोडं पाणी. ते फारच बेचव लागतं म्हणून नंतर त्यात क्षार घालतात.

इथं चहूकडे पाणी खारं, तर ही माणसं ते गोडं करून चौदाव्या मजल्यावरच्या अंघोळीला पुरवतात. आमच्याकडे पाणी मुळातच गोडं येतं, फक्त पाचव्या मजल्यापर्यंत पोचत नाही.

आणि संडास. पहिल्या रात्री बटण दाबल्यावर जो सुर्रर्र-फट्ट आवाज झाला त्यानं मी लुंगी सावरत बाहेर आलो होतो. ते सगळं हवेच्या ओढीवर चालतं, लिटरभर पाण्यात काम होतं. पण त्यात कागदाशिवाय काही टाकलं तर तुंबतं, आणि एकाचं तुंबलं की त्या नळावरच्या सगळ्या केबिनी बंद पडतात.

“टाकतात लोक?” मी विचारलं.

ती मुलगी थकलेलं हसली. “सर, दर फेरीला कुणीतरी असतंच.”

प्रत्येक जहाजावर एक तीनशे दोन असतो. का कोण जाणे, मला फार धीर आला.

आमच्यात ठाण्याचे एक आजोबा होते. अडीच तास ते काही बोलले नव्हते. थंड्या कोठारासमोर त्यांनी हळूच विचारलं, “इथं कुणी गेलं तर?” मुलीनं दबक्या आवाजात सांगितलं की त्यासाठीही वेगळी शीतखोली असते. आजोबांनी मान डोलावली. “सोय चांगली आहे,” म्हणाले.

इंजिन कंट्रोल रूममध्ये पडदेच पडदे. कुठलं इंजिन किती वीज तयार करतंय, कुठला पंप चालू, कुठला बंद, सगळं समोर. आमचा पंपवाला पंप चालू आहे की नाही ते भिंतीला कान लावून सांगतो. तोही सहसा चुकत नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

शेवटी ब्रिज. काचांच्या पलीकडे नुसता समुद्र आणि आत देवळासारखी शांतता. सुकाणूचं चाक मोठं, लाकडी, खुंट्याखुंट्यांचं असेल अशी माझी समजूत होती. ते निघालं जेवणाच्या ताटाएवढं. जहाज डोलू नये म्हणून पोटाच्या दोन्ही बाजूंना माशासारखे पर असतात, ते बाहेर काढले की डोलणं आणि बोट लागणं बरंच कमी होतं. आजीला हे सांगायला पाहिजे होतं.

कॅप्टन मागे उभे होते. चार सोनेरी पट्ट्या, पाठीमागे हात. प्रश्न विचारा, असं म्हटल्यावर कुणी वेग विचारला, कुणी वादळाचं विचारलं. मी हात वर केला आणि अकरा वर्षं पोटात असलेलं विचारलं. “रोज कम्प्लेंट किती येतात?”

ते माझ्या बुटांकडे पाहत म्हणाले, “कम्प्लेंट? वो तो होटेलवाले देखते हैं. हम सिर्फ जहाज चलाते हैं.”

जो चालवतो तो वेगळा आणि जो ऐकून घेतो तो वेगळा! त्यांच्याकडे त्यासाठी चक्क दुसरं खातं असतं, त्याला मोठा साहेब असतो, त्याला पगार असतो. परतीच्या वाटेवर ही चादरीच्या यंत्राबद्दल बोलत होती. मला काही ऐकू येत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात आमची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. ह्या वेळी मी वेळेवर गेलो. अहवालानंतर वीस मिनिटं मागून घेतली आणि सगळं सांगितलं. कचऱ्याची वही, पानोपानी सही. तक्रारींसाठी वेगळा माणूस. आणीबाणीला जहाजावर सात आखूड आणि एक लांब भोंगा होतो, तसा आपणही टँकर आल्यावर वाजवू. दळायचं यंत्र, लिटरभर पाण्याचे संडास, उलटा कुकर. कुणीही मधे बोललं नाही. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी खाली बसलो. तीनशे दोन उठले. घसा साफ केला.

“उत्तम माहिती. पण सेक्रेटरीसाहेब, जहाजावर पार्किंगचं कसं करतात?”

मागून पाचशे एक म्हणाले, “आणि पाहुण्यांच्या गाड्या?”