आज काय पाहिलंस?

मराठी माणूस प्रवासाला निघतो तो काहीतरी पाहायला. महाबळेश्वरचा एखादा पॉइंट धुक्यामुळे राहून गेला, तर त्याची हळहळ पुढची वीस वर्षं टिकते. सहलवाल्यांनी आपल्याला पाचला चहा, सहाला नाश्ता, सातला बस अशी शिस्त लावलेली असते. सुट्टीत आठपर्यंत कोणी झोपलं, तर आपण कपाळाला हात लावून ताप बघतो. अशा समाजातल्या बाईने एकटीने, काहीही न ठरवता, मेक्सिकोत रमतगमत हिंडायचं म्हणजे काय दिव्य असतं ते मला विचारा.

मेक्सिकोच का? ह्यूस्टनला लेकीचं बाळंतपण उरकलं होतं, पाठीचे टाके ढिले झाले होते, आणि पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. फुकटात मिळतंय ते सोडायचं नाही, हे आमच्या रक्तातच आहे. ह्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून डोंबिवली सोडली नाही. "आई, तू एकटीच जा आणि नुसता आराम कर," लेक म्हणाली. नुसता आराम! जन्म बँकेच्या काउंटरमागे गेलेला. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, एवढंच मला येतं.

तरी मी एक वेळ जमवलं असतं. पण माझ्या आरामाचं ऑडिट करायला आमच्या वन्सं होत्या. मेक्सिको सिटी आणि डोंबिवली यांच्यात साडेअकरा तासांचा फरक आहे. मी सकाळी नऊला कॉफी घेऊन बसले की तिकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असायचे. मालिकेत जाहिराती लागल्या की फोन. "काय गं, काय काय पाहिलंस?"

सुरुवात झकास झाली. मी त्यांना तिथलं कॅथेड्रल सांगितलं. 1573 मध्ये काम सुरू झालं, 1813 मध्ये संपलं. अख्खं शहरच जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं, त्यामुळे ते खचतंय. काही भाग तर वर्षाला अर्धा मीटर खाली जातात. कॅथेड्रलच्या फरशीवरून चालताना आपल्यालाच भोवळ आल्यासारखं वाटतं, इतका तिला उतार आहे. वन्सं खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी मी अलामेदा बागेतल्या बाकावर बसून होते.

"आणि?"

"आणि काही नाही. बसले होते."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग लेकीचा फोन, "आई, तुला बरं आहे ना?"

नुसतं बसणं किती अवघड असतं ते मला खानावळीत कळलं. मेक्सिकोत दुपारचं जेवण दोननंतर. ठरावीक पैशांत सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत. (शाकाहाऱ्यांनी घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी नाही ना, हे विचारून घ्यावं. असते.) मी जेवले. ताट उचललं गेलं. बिलाची वाट पाहत बसले. वेटर हसून पुढे गेला. मी पर्स उघडली, बंद केली, उगीच घड्याळ पाहिलं. तो पुन्हा हसला. आमच्या स्टेशनजवळच्या उडप्याकडे शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेपेसकट बिल येतं आणि पुढचं गिऱ्हाईक आपल्या खुर्चीची पाठ धरून उभं असतं. इथे मात्र बिल न मागता आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला 'उठा आता' म्हणण्यासारखं. हे मला कोण सांगणार? शेवटी शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी हवेत बोटांनी सही केली, त्यांचं बिल आलं, आणि मीही हवेत सही केली. तोवर संध्याकाळच्या कॉफीची वेळ झाली होती, म्हणून कॉफीही तिथेच घेतली.

मग मी युकातानमधल्या मेरिदाला गेले. तिथे चौकाचौकात पांढऱ्या, दोन माणसांच्या जोडखुर्च्या आहेत. इंग्रजी एस अक्षरासारखा त्यांचा आकार. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, आणि मान जराशी वळवली की दोघं समोरासमोर. प्रेमिकांची सोय आहे म्हणे. एकट्या बाईने अशा खुर्चीत बसणं म्हणजे शेजारच्या जागेवर 'रिकामी आहे' अशी पाटी लावणं. मी बसले आणि पाच मिनिटांत एक आजी येऊन टेकल्या. गळ्याशी फुलांचं भरतकाम केलेला पांढरा झगा, पाठीवर लांब वेणी, हातात भाजीची पिशवी. पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती. आजी बोलू लागल्या.

माझा रंग आणि नाकडोळे पाहून मेक्सिकोत सगळे मला तिथलीच समजत. माझं स्पॅनिश मोबाईलवरच्या धड्यांचं. सफरचंद लाल आहे आणि मुलगा दूध पितो, एवढं मी अस्खलित सांगू शकते. आजींच्या बोलण्यात ना सफरचंद आलं, ना मुलगा. मी प्रत्येक वाक्याला 'सी, सी', म्हणजे 'हो, हो', म्हणत राहिले. एका 'सी'ला आजी ताडकन उठल्या, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि निघून गेल्या. मी कोथिंबीर राखत बसले. बऱ्याच वेळाने परतल्या त्या दोन्ही हातांत मार्केसीता घेऊन. कुरकुरीत वेफरची गुंडाळी, आत किसलेलं एडाम चीज. एक माझी, एक त्यांची. पैसे देऊ केले तर हातावर चापट बसली. खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्या झग्यावरचे, म्हणजे कुर्त्यावरचे, वेफरचे कण झटकले आणि पिशवी घेऊन गेल्या. कशाला हो म्हटलं होतं, ते आजतागायत माहीत नाही.

"आज काय पाहिलंस?"

"खुर्ची."

वन्संनी फोन ह्यांच्याकडे दिला.

वाहाका शहरात परिस्थिती आणखी खालावली. तिथल्या मुख्य चौकात मोठमोठ्या झाडांची गर्द सावली आहे. पानं, बुंधा, खोडावर लोंबणाऱ्या पारंब्या, सगळं फार ओळखीचं वाटलं. वेटर म्हणाला, हे भारतातलं लॉरेल. लॉरेल कसलं, आपलं नांद्रूक! माहेरचं माणूस भेटल्यासारखी मी रोज त्याच्याखाली पाव चॉकलेटमध्ये बुडवत बसू लागले. चॉकलेट पाण्यात घुसळलेलं, फेसाळ. पाव अंड्याचा, पण परदेशात मी अंड्याला भाजी मानते. मग सोलेदाद चर्चजवळ जाऊन बर्फाची कुल्फी खायची. तिथे मुद्दाम दूध करपवून त्याची कुल्फी करतात आणि वर निवडुंगाच्या फळाची लालभडक कुल्फी घालतात. लागलेल्या दुधावरून सासूबाईंचं जे मी ऐकलंय, त्यावर हे लोक पैसे कमावतात. सलग दोन दिवसांचा माझा अहवाल होता 'झाड' आणि 'करपलेलं दूध'. वन्सं म्हणाल्या, "अगं, एखादा किल्ला तरी बघ."

समुद्राकडे जाताना मी जुन्या घाटाने गेले. वाहाकाहून पुएर्तो एस्कोन्दिदोला जाणारा नवा रस्ता 2024 मध्ये झाला. पूर्वी सहा-सात तास लागायचे, तिथे आता तीनएक लागतात. पण सावकाश जायचं म्हणजे जायचं. वळणांबद्दल मी लिहिणार नाही. आवळासुपारी संपली, एवढंच.

मासुंते गावात मात्र सांगण्यासारखं काही मिळालं. एके काळी इथे समुद्री कासवांचा कत्तलखाना होता. 1990 मध्ये बंदी आली आणि आता त्याच गावात कासवांचं केंद्र आहे. जवळच्या एस्कोबियाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला लाखांनी येतात. मी उत्साहाने सगळं सांगितलं.

"ऑलिव्ह रिडले?" वन्सं म्हणाल्या. "अगं, ती आपल्या वेळासला येतात! त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस?"

म्हणून दुसऱ्या दिवशी, काहीच पाहायचं नाही असं ठरवून, मी शेजारच्या सिपोलितेला गेले. किनारा शांत आहे, एवढंच घरमालकीण बोलली होती. मागे बाकं टाकलेल्या पिकअपमधून उतरले, वाळूत बसले, चष्मा पुसला. सिपोलितेला कपडे घालणं ऐच्छिक आहे, आणि ते अधिकृतपणे. बहुतेकांनी तो पर्याय स्वीकारलेला नव्हता. माणसं निवांत चालत होती, चेंडू खेळत होती, एक जोडपं शब्दकोडं सोडवत होतं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बघत होते ते फक्त माझ्याकडे, कारण भरसमुद्रावर फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस आणि पिन लावलेली ओढणी घेतलेली मी एकटीच होते.

तेवढ्यात फोन वाजला. माझे संध्याकाळचे सहा, म्हणजे डोंबिवलीत पहाटेचे साडेपाच. वन्सं चहा घेऊन बसल्या होत्या, तेही व्हिडिओवर. पाहण्यासारखं पहिल्यांदाच पुष्कळ होतं आणि सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

"लाटांचा आवाज येतोय! दाखव की समुद्र."

मी कॅमेरा आभाळाकडे धरला. सुदैवाने पेलिकन रांगेने चालले होते.

"पक्षी पुरे. खाली घे."

मी घेतला जरासा खाली. नेमके त्याच क्षणी एक गृहस्थ डोक्यावर गवती हॅट आणि काखेत कलिंगड घेऊन समोरून गेले. वन्संचा कप बशीवर आदळला. मागून ह्यांचा आवाज आला, "काय गं ताई, काय दिसतंय?"

"कलिंगड," वन्सं म्हणाल्या. मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "आता कॅमेरा तुझ्याकडे फिरव बघू. पूर्ण."