जांघेच्या दुखण्यावरील फिरत्या संदेशाबाबत खुलासा

जळगाव-धुळ्याकडील कबड्डीपटू आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले यांच्या गटांत, जांघ दुखल्यास गरम तेलाने जोरात चोळून पाय ताणावेत, असा संदेश फिरत आहे. तो दिशाभूल करणारा असून कृपया पुढे पाठवू नये. डेन्मार्कमधील, १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुने दुखणे असलेल्या खेळाडूंपैकी मालिश, ताण आदी उपचार घेतलेल्या ३० पैकी ४, तर मांडीच्या आतील स्नायूंना बळ देणारे व्यायाम ८ ते १२ आठवडे केलेल्या २९ पैकी २३ जण पूर्ण बरे झाले. गुडघ्यांमध्ये चेंडू धरून दाबणे हा त्यातलाच एक साधा व्यायाम. मात्र धावताना वाढत जाणारे, लंगडायला लावणारे दुखणे खुब्याच्या हाडाला गेलेल्या बारीक तड्याचेही असू शकते, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. अशा वेळी धावणे तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.