‘व्हेरिएबल नसलं तर नल’ हा सल्ला का पाळू नये

पीएचपी ही वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ‘इफच्या आत भरायच्या व्हेरिएबलला आधी किंमत द्यायची गरज नाही. अट खोटी ठरली तर ते नल, म्हणजे रिकामं. फार तर एक नोटीस, म्हणजे सौम्य सूचना येईल. तीही नको असेल तर ?? लावा.’ (व्हेरिएबल नसेल किंवा नल असेल तर ?? च्या पुढची किंमत वापरली जाते.) या सल्ल्याने चुकीचे हिशेब तयार होतात, म्हणून एकेक विधान तपासतो.

‘फार तर नोटीस येईल.’ ही माहिती जुनी झाली. 2020 मध्ये आलेल्या पीएचपी 8.0 पासून ती वॉर्निंग आहे आणि 9.0 मध्ये थेट एरर फेकण्याचा प्रस्ताव मंजूर झालेला आहे.

‘अट खोटी ठरली तर नल.’ खरी गोम इथे आहे. पीएचपीत इफ किंवा फोरईच लूपच्या महिरपी कंसाला स्वतःचा स्कोप, म्हणजे व्हेरिएबलची वेगळी हद्द नसते. आत तयार झालेलं व्हेरिएबल फंक्शन संपेपर्यंत जिवंत राहतं. समजा, ऑर्डरींवर लूप चालू आहे आणि आत लिहिलंय: ग्राहक सभासद असेल तर $सवलत = 10. पहिला ग्राहक सभासद निघाला. दुसरा नाही, पण $सवलतमध्ये मागचे 10 तसेच पडून आहेत, त्यामुळे त्यालाही सवलत मिळते. वॉर्निंग नाही, लॉगमध्ये नोंद नाही. एकाच ऑर्डरवर टेस्ट केली तर हे कधीच दिसणार नाही! उपाय एका ओळीचा: $सवलत = 0; आणि ती ओळ लूपच्या आत, इफच्या वर हवी. लूपच्या बाहेर लिहून काही साधत नाही.

‘?? लावा.’ यूआरएलमधून येणाऱ्या पॅरामीटरसाठी जरूर लावा, तिथे तो चोख आहे. पण वरच्या लूपमध्ये तो निरुपयोगी, कारण व्हेरिएबलमध्ये किंमत आहेच, फक्त ती शिळी आहे. आणि नावात चूक होऊन $सवलात ?? 0 लिहिलं गेलं, तर कोड चालताना निमूटपणे 0 मिळतो.

आधी 0 भरणं सगळीकडे योग्य, असंही मी म्हणणार नाही. पार्सलचे तीन प्रकार आणि प्रत्येकाचा दर वेगळा असेल, तर चौथा प्रकार आल्यावर तो 0 दराने फुकट जाईल. तिथे एल्समध्ये एक्सेप्शन फेका किंवा 8.0 पासून मिळालेला मॅच (किमतीनुसार शाखा निवडणारी रचना) वापरा. कुठलीच शाखा जुळली नाही तर तो स्वतःच एरर फेकतो.

पीएचपीस्टॅन हे कोड न चालवता तपासणारं साधन लेव्हल 1 वर चालवलं, तर लूपमधलं ते $सवलत ‘कदाचित डिफाइन झालेलं नसेल’ असं कोड चालवण्याआधीच कळतं. मात्र तिथे ?? लावलात, की ही तक्रारही बंद होते.