‘गोळ्या चुकवणारा माणूस आळशीच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मोबाइलवर फिरणाऱ्या आरोग्यविषयक मेसेजांमध्ये एक प्रकार फार लोकप्रिय आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मतितार्थ असा: ‘बीपी, शुगर, दम्याची औषधं नियमित न घेणारे लोक मुळात बेफिकीर आणि आळशी असतात. पैसा, घरची परिस्थिती, ताण, मन या सगळ्या सबबी. फुकट औषध दिलं तरी हे घेणार नाहीत. गोळी म्हणजे रसायन. पोटात गेली की काम करते, तिला तुमच्या मूडशी देणंघेणं नसतं. मोबाइलला अलार्म लावा, परिणाम एकदा नीट समजावून सांगा, विषय संपला. तरीही ऐकत नसेल तर ज्याचं त्याला भोगू द्या.’

मेसेज पुढे ढकलणाऱ्याला तो आपल्याबद्दलही असू शकतो असं कधीच वाटत नाही. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडलेली माणसंही तो बिनधास्त पाठवतात. तर आता एकेक विधान घेऊ. काहींत अर्धं सत्य आहे, तेही सांगतो.

‘औषध न घेणारा मुळात बेफिकीर असतो.’

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन उपचारांवर एक अहवाल काढला. जुनाट आजारांचे रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेण्याचं प्रमाण विकसित देशांतसुद्धा सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच आहे, असं त्यात म्हटलं होतं. ही तक्रार नवीही नाही. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक लेखनातही वैद्याला बजावलेलं आहे की रुग्ण औषध घेतल्याचं खोटं सांगतात, लक्ष ठेवा. इतक्या काळापासून इतकी माणसं जे करत आली, त्याचं कारण निव्वळ वाईट स्वभाव असेल, हे मला पटत नाही.

आणि स्वभावच कारण असेल तर एक गोष्ट उलगडत नाही. एकच माणूस एक औषध घड्याळ लावल्यासारखं घेतो आणि दुसरं सर्रास चुकवतो. दम्याच्या रुग्णांत हे नेहमी दिसतं. धाप लागल्यावर ओढायचा पंप खिशातून कधी सुटत नाही. रोज ओढायचा, श्वासनलिकेची सूज कमी ठेवणारा पंप मात्र कपाटात पडून राहतो. पहिला काही मिनिटांत जाणवतो, दुसऱ्याचा परिणाम जाणवतच नाही. बीपीचं तर याहून अवघड. आजाराने काहीच होत नाही आणि गोळीने मात्र होतं: कुणाला उभं राहताना गरगरतं, कुणाला सारखं लघवीला जावं लागतं, कुणाला कोरडा खोकला सुटतो. त्या माणसाच्या अनुभवात आजारी पाडणारी वस्तू गोळी असते. त्याचा हिशेब चुकीचा आहे, मान्य, पण त्याने हिशेब केलेला आहे. त्याला आळस म्हणता येणार नाही.

रॉबर्ट हॉर्न आणि जॉन वाइनमन या ब्रिटिश संशोधकांनी नेमका हाच हिशेब मोजला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दमा, मूत्रपिंड, हृदय आणि कर्करोगाचे मिळून ३२४ रुग्ण होते. ‘मला या औषधाची गरज किती’ आणि ‘या औषधाची मला भीती किती’ या दोन गोष्टी एकमेकांसमोर ठेवल्या, तर कोण औषध घेतं आणि कोण सोडतं याचा अंदाज वयावरून किंवा शिक्षणावरून येतो त्यापेक्षा चांगला येतो, असं त्यांना दिसलं. ‘गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत’, ‘सवय लागेल’, ‘किडनीवर परिणाम होतो म्हणतात’ ही वाक्यं म्हणजे त्या तराजूतलं दुसरं पारडं. ते रुग्णाला कुणी विचारतच नाही.

यात नैराश्य आलं की चित्र आणखी बदलतं. रॉबिन डिमॅटिओ आणि सहकाऱ्यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा नैराश्य असलेल्या रुग्णांनी उपचार न पाळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट निघाली. उद्या बरं वाटेल ही अपेक्षाच उरलेली नसेल, तर उद्यासाठी आज गोळी गिळायची कशाला? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत नैराश्य सर्रास आढळतं. म्हणजे ज्यांना औषधांची गरज सर्वात जास्त, त्यांतल्याच बऱ्याच जणांना हा मेसेज आळशी ठरवतो.

‘पैसा आणि परिस्थिती या सबबी. फुकट दिलं तरी घेणार नाहीत.’

इथे जरा थांबायला हवं, कारण मेसेजवाल्यांच्या बाजूने वाटावा असा एक पुरावा खरोखर आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या विमाधारकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. एका गटाला झटक्यानंतरची औषधं पूर्ण मोफत, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे खिशातून थोडे पैसे घालून. मोफत गटात औषध घेण्याचं प्रमाण वाढलं, पण वाढ ४ ते ६ टक्के बिंदूंचीच. नेहमीच्या गटात औषधानुसार ३६ ते ४९ टक्के होतं. म्हणजे फुकट मिळूनही चित्र फारसं पालटलं नाही. ‘बघा, सांगितलं नव्हतं?’ असं कुणी म्हणेल. पण त्याच चाचणीत हृदय आणि रक्तवाहिन्यांशी निगडित गंभीर घटनांची एकूण संख्या मोफत गटात कमी भरली. अशी घटना किंवा बंद रक्तवाहिनी मोकळी करण्याचा उपचार यांपैकी पहिलं काय कधी घडतं, या मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही, हेही खरं. म्हणजे किंमत हा अडथळा आहेच, फक्त तो एकटा नाही. परिस्थिती म्हणजे केवळ पाकीट, हे मेसेजचं गृहीतक आहे.

पाळी बदलणारी नोकरी असली की ‘सकाळ-संध्याकाळ’ कशाला म्हणायचं हाच प्रश्न पडतो. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की त्याच्या गोळ्या वेळेवर जातात, सांभाळणाऱ्याच्या राहतात. फिट येण्याचा आजार (अपस्मार), मानसिक आजार, एचआयव्ही, टीबी यांची औषधं तर लपवून घ्यावी लागतात. चार माणसांत डबी उघडता येत नाही म्हणून डोस चुकतो, त्याला बेफिकिरी कसं म्हणायचं? तो माणूस उलट नको तितकी फिकीर करतो आहे. डिमॅटिओंच्याच २००४ सालच्या विश्लेषणात कुटुंब आणि सामाजिक आधाराचे वेगवेगळे प्रकार तपासले होते. सर्वात ठळक संबंध दिसला तो प्रत्यक्ष मदतीशी: कुणीतरी औषध आणून देतं, आठवण करतं, दवाखान्यात सोबत येतं. नुसतं कुणासोबत राहण्याचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता.

स्वभावाच्या सिद्धांताला सर्वात जड जाणारी गोष्ट वेगळीच आहे. डबीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारी चिप बसवून केलेल्या अभ्यासांचा आढावा २००१ साली निघाला. दिवसातून एकदा घ्यायचं औषध सरासरी ७९ टक्के वेळा घेतलं जात होतं, चारदा घ्यायचं ५१ टक्के. आता कुणी म्हणेल, चार वेळा औषध लागणारे रुग्णच वेगळे असतील. ठीक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारत आणि युरोपातल्या २००४ जणांच्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. एका गटाला चार औषधं एकाच गोळीत, दुसऱ्याला नेहमीसारखी सुटी. शेवटी एका गोळीच्या गटात ८६ टक्के लोक औषधं घेत होते, दुसऱ्यात ६५ टक्के. आळशी आणि शिस्तीचे लोक दोन्हीकडे सारखेच विखुरलेले होते. बदलली ती मुख्यतः गोळ्यांची मांडणी, आणि २१ टक्के बिंदूंचं अंतर पडलं.

आरोग्यावरच्या सामाजिक परिणामाबद्दल एवढंच सांगतो की ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. सुमारे १८,००० पुरुष, सगळे पगारी, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरी सर्वात खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. मधल्या श्रेण्याही पायरीपायरीने वाईट. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही त्या फरकाचा मोठा भाग उरलाच. ‘सबब’ म्हणून उडवून द्यायला हा आकडा बराच मोठा आहे.

‘गोळी म्हणजे रसायन, मनाशी संबंध नाही.’

इन्सुलिन, अँटिबायोटिक, कर्करोगावरची औषधं यांच्या बाबतीत मेसेजवाल्यांच्या शेजारी बसायला मी तयार आहे. सकारात्मक विचारांनी गाठ विरघळते असं सांगणारे लोक या मेसेजपेक्षा जास्त नुकसान करतात. पण ‘संबंधच नाही’ हे खोटं आहे.

२०२० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. साइड इफेक्टमुळे कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सोडलेल्या ६० जणांना वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या: चारांत खरी स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, चार रिकाम्या. त्रास किती होतो याची रोज ० ते १०० मध्ये नोंद करायची. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८.०, बिनऔषधी गोळीवर १५.४, खऱ्या स्टॅटिनवर १६.३. म्हणजे गोळीमुळे वाढलेल्या त्रासातला ९० टक्के भाग नुसती ‘गोळी घेतली’ यानेच निर्माण झाला होता. यावरून ‘बघा, नाटकं’ असं कुणी म्हटलं तर तो प्रयोग कळलाच नाही. अंगदुखी खरी होती, कारण वेगळं होतं. आणि पुढची बाब मला जास्त मोलाची वाटते: प्रत्येकाला त्याचेच आकडे दाखवल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. त्यांना कुणी ओरडलं नव्हतं.

ताणाचा परिणाम गोळीपर्यंत थांबत नाही. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू थेंबांतून सोडले होते. ज्यांच्यावर आधीपासून मानसिक ताण जास्त, त्यांच्यात संसर्गाचं आणि सर्दी होण्याचं प्रमाण त्या ताणाच्या चढत्या क्रमाने वाढत गेलं.

आणि एक कोडं, जे दोन्ही बाजूंना गप्प करतं. १९८० साली क्लोफायब्रेट या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या चाचणीचे आकडे छापून आले. ज्यांना बिनऔषधी गोळी मिळाली होती त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत पाच वर्षांचा मृत्युदर १५.१ टक्के, कमी घेणाऱ्यांत २८.२ टक्के. गोळीत औषध नव्हतंच! रुग्णांची ४० वेगवेगळी वैशिष्ट्यं हिशेबात घेतली तरी अंतर १६.४ आणि २५.८ एवढं राहिलं. शिस्तीचा विजय, असं म्हणायचा मोह होईल. पण गोळी नियमित घेता येणं ही बहुधा बाकी आयुष्य कसं चाललं आहे याची खूण असते: झोप, जेवण, सोबत, मन थाऱ्यावर असणं. या खुणेलाच मेसेज कारण समजतो.

‘अलार्म लावा, समजावून सांगा, विषय संपला.’

संपला असता तर बरं झालं असतं. अमेरिकेत ५३,४८० लोकांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खणांची डबी, घेतलेल्या डोसची खूण करायची पट्टी आणि वेळ दाखवणारं झाकण अशी तीन साधनं वाटली. वर्षभरानंतर काहीही न मिळालेल्या गटापेक्षा मोजण्याजोगा फरक नव्हता. औषधं घेतली जावीत म्हणून केलेल्या १८२ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०१४ साली काढला, त्यातही औषध घेणं आणि प्रकृती दोन्ही सुधारल्याची उदाहरणं मोजकीच. अलार्म विसरणाऱ्याच्या कामाचा आहे. ज्याने ठरवून सोडली आहे, त्याला अलार्म फक्त बंद करावा लागतो.

‘ज्याचं त्याला भोगू द्या.’

टीबीच्या बाबतीत हे वाक्य नुसतं चूक नाही, धोकादायक आहे: अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते आळशी-मेहनती असा भेद करत नाहीत.

पण रोजच्या व्यवहारात नुकसान दुसरीकडे होतं. बोलणी बसणार हे माहीत असलेला रुग्ण ‘हो, घेतो’ म्हणतो. इलेक्ट्रॉनिक झाकणांच्या अभ्यासात दिसलंच आहे की तपासणीच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच दिवसांत लोक नेमाने घेतात, महिन्याभराने प्रमाण घसरतं. डॉक्टरसमोर बीपी चढलेलंच आणि रुग्ण ‘घेतो’ म्हणतोय, मग डॉक्टर डोस वाढवतात किंवा आणखी एक गोळी जोडतात. गोळ्या वाढल्या की चुकणं वाढतं. मग कधी हा माणूस दुसऱ्या कारणासाठी रुग्णालयात भरती होतो, तिथे नर्स कागदावरच्या सगळ्या गोळ्या मोजून देते, आणि बीपी खाली कोसळतं. दुसऱ्या टोकाला बोलणी टाळायची म्हणून लोक न सांगता एकदम बंद करतात. बीटा ब्लॉकर (हृदय आणि बीपीसाठीच्या गोळ्यांचा एक प्रकार), फिटवरच्या गोळ्या, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड यांच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. असं काही मनात असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, डोस हळूहळू कमी करता येतो किंवा औषध बदलता येतं.

घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी ‘गोळ्या घेता ना?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी असं विचारून बघा: ‘बऱ्याच जणांच्या अधूनमधून राहतात. गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?’ आकडा आला की लगेच दुसरा प्रश्न, ‘कुठल्या?’ पुष्कळदा उत्तरात एकच ठरावीक गोळी निघते, आणि ती का राहते हे त्या माणसाला व्यवस्थित माहीत असतं.